हवामान-शास्त्रज्ञ (करिअर)

हवामान-शास्त्रज्ञ म्हटलं की टीव्हीवर नकाशापुढे हात फिरवणारा माणूस डोळ्यापुढे येतो, पण खरं काम म्हणजे वातावरण, समुद्र, ढग मोजायचे आणि त्यांचं गणित कॉम्प्युटरवर सोडवायचं. आज-उद्याचा पाऊस बघतो तो वेदरवाला, तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या घेऊन बसतो तो क्लायमेटवाला, सुरुवातीची वाट दोघांची एकच.

इंदुरात ही वाट सहसा कोणी सांगत नाही. होळकर सायन्स कॉलेज (स्थापना १८९१) भंवरकुआंपाशी आणि तिथंच पीएससीच्या (राज्य सरकारच्या नोकऱ्यांची परीक्षा) कोचिंगची जत्रा, त्यामुळे फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली आपली मराठी घरातली पोरंपण पीएससी नाहीतर बँकेच्या मागे लागतात. खरं तर फिजिक्स-मॅथ्स हाच या लाईनचा दरवाजा आहे, डिग्रीवर 'हवामान' लिहिलेलं नसलं तरी चालतं. गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचा गणितवाला, बूमरँग कसं उडतं यात रमलेला, १९०४ ला थेट भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झाला, आणि मान्सूनच्या नादात आकडे चाळता चाळता त्याला सदर्न ऑसिलेशन, म्हणजे प्रशांत महासागराच्या दोन बाजूंना हवेच्या दाबाचा चालणारा झोका, सापडलं. अ‍ॅना मणी हिऱ्यांच्या स्पेक्ट्रोस्कोपीवर (प्रकाशाच्या रंगांवरून पदार्थ तपासणं) काम करायच्या, एमएस्सी नाही म्हणून पीएचडी नाकारली गेली (कागदांचा हट्ट तेव्हाही होताच!), मग १९४८ ला पुण्यात हवामान खात्यात आल्या आणि देशी उपकरणं उभी केली. आपले वसंत गोवारीकर तर रॉकेटच्या इंधनातले, आणि १९८८ चं १६ घटकांचं मान्सून मॉडेल त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

आता मात्र परीक्षा आहेत. एमएस्सी, मग सीएसआयआर-नेट किंवा गेट ही देशपातळीवरची परीक्षा, मग पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था म्हणजे आयआयटीएम (१९६२), बंगळुरूचं आयआयएससी, दिल्ली आयआयटी असं कुठंतरी पीएचडी. पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपला, म्हणजे जेआरएफला, महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी पुढची पायरी एसआरएफ झालं की ४२,०००, वर घरभाडं, म्हणजे पोट भरतं, पण पाच-सहा वर्षं प्रत्येक लग्नात "अजून शिकतोच आहेस का रे?" ऐकायची तयारी ठेवा. पायथन येतंच असेल, फोरट्रान ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषापण शिका, या क्षेत्रात ती अजून जिवंत आहे. पुढे पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठराविक मुदतीचं संशोधन), मग सरकारी संस्थेत सायंटिस्ट बी, सी, डी अशा पायऱ्या चढत वर. पीएचडी नको असेल तर हवामान खात्यासाठी स्टाफ सिलेक्शन कमिशनची सायंटिफिक असिस्टंट परीक्षा, जागा दरवर्षी निघत नाहीत. खाजगीत स्कायमेटसारखी हवामान कंपनी, पीकविमा, पवन-सौर वीजवाले.

आणि सगळं काही पुण्या-दिल्लीतच आहे असं नाही. आयआयटीएमनं २०२४ मध्ये सीहोर जिल्ह्यात सिलखेड्याला रडार, विंड प्रोफायलर (उंचावरचा वारा मोजणारं यंत्र) वगैरे लावून वातावरणाचं टेस्टबेड, म्हणजे मोजमापाचं संशोधन केंद्र, सुरू केलं, कारण बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे पावसाळ्यात याच भागावरून सरकतात. तिथल्या डेटावर काम करणाऱ्या पुणेकराला एवढा लांब प्रवास, आपल्याला भोपाळची बस पकडली की झालं.