नॉर्वेजियन लिहिली तशीच वाचायची?

‘नॉर्वेजियन लिहिली तशीच बोलतात’ हा सल्ला नवशिक्यांना हमखास मिळतो आणि पहिल्याच धड्यात फसतो. ‘ते’ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी टी आहे, उच्चार मात्र ‘दे’.

पण मूक अक्षरं मनमानी नाहीत. नपुंसकलिंगी नामाला जोडलेल्या ‘ईटी’ (et) प्रत्ययातला टी गप्प: ‘हूसेत’ नव्हे, ‘हूसे’ (ते घर). तोच ‘ईटी’ क्रियापदाच्या भूतकाळात आला की टी वाजतो: ‘स्नाक्केत’ (बोललो). घोळ होतो तो इथेच, म्हणून आधी शब्द नाम आहे की क्रियापद ते पाहा. एन किंवा एलनंतरचा शेवटचा डी सहसा गळतो: कुत्रा ‘हुन’, संध्याकाळ ‘क्वेल’. पुढे आर आला की तो परततो: शंभर म्हणजे ‘हुंद्रे’. स्वरानंतरच्या डीचा भरवसा नाही. ‘लाल’ या अर्थाच्या शब्दात मूक, ‘स्नान’ या अर्थाच्या शब्दात स्पष्ट, पाठच करा. व्ही किंवा जेआधीचा एच कायम मूक: ‘वा’ (काय), ‘येम’ (घरी).

आर मात्र मूक म्हणून सोडू नका. ओस्लो परिसरात आर-टी मिळून ट, आर-एन मिळून ण, आर-एस मिळून श होतो. मूल ‘बार्न’ नाही, ‘बाण’; नकाशा ‘काट’. ट-ण मराठी जिभेला सोपे, फक्त जीभ कमी वळवा, दातांमागच्या उंचवट्याजवळ ठेवा. पश्चिम नॉर्वेतल्या बर्गन शहरात आर घशातून येतो, तिथे हे जोड होत नाहीत.