मंगलोरी कौलं शिवकालीन नाहीत

कोकणातल्या आळीतलं जुनं घर दाखवताना ‘हे कौलारू छप्पर शिवकालीन’ असं हमखास सांगितलं जातं. वर चपटी मंगलोरी कौलं असतील, तर ते शक्यच नाही. एकमेकांत अडकणारं हे कौल मुळात फ्रान्समधलं, १८४१ सालचं. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला त्याचा कारखाना काढला तो १८६५ साली. मग ती कौलं समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत उतरू लागली. त्याआधी नळीची कौलं, नाहीतर गवत.

घर मात्र छपरापेक्षा खूप जुनं असू शकतं. जोतं आणि चिऱ्याच्या भिंती तशाच ठेवून फक्त छप्पर बदललेलं असतं. कौल उलटून बघा, कारखान्याचं नाव बऱ्याचदा सापडतं. दुरुस्तीत अशी कौलं कृपा करून फेकू नका.