वाईचे घाट, वसईची घंटा आणि विश्वकोश

मुंबईहून पाचगणी-महाबळेश्वरला निघालेली गाडी खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्यावर महामार्ग सोडते, वडाच्या झाडांखालून वाईत शिरते आणि बहुतेक वेळा चहापुरती थांबून पसरणी घाटाला लागते. लालबाग-परळच्या गिरण्यांत किंवा बाजारात माथाडी म्हणून हयात घालवलेल्या अनेक कुटुंबांना हेच वाई तालुक्याचे गाव म्हणून ठाऊक असते: सातबाऱ्याचा उतारा, हळदीची पट्टी आणि रंगपंचमीला शेजारच्या बावधनचे बगाड. मुंबईपासून सुमारे २३५ किलोमीटरवरच्या या गावात मुद्दाम एक-दोन दिवस मुक्काम करावा याची कारणे त्याच्या इतिहासात आहेत, आणि तो इतिहास स्थलमाहात्म्यात सांगितला जातो त्याहून बराच अलीकडचा आहे.

वाई म्हणजे महाभारतातील विराटनगरी, ही समजूत गावात पक्की आहे. पांडवगड आणि वैराटगड ही आसपासच्या किल्ल्यांची नावे तिला दुजोरा देतात; मात्र विराटनगरीचा मान सांगणारी गावे देशात आणखीही आहेत. वस्ती जुनी आहे, हे लोहारे येथील लेण्यांवरून दिसते. परंतु आज घाटावर उभे राहिल्यावर डोळ्यांत भरणारे जवळजवळ सारे बांधकाम अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या काही दशकांत उभे राहिले आहे.

त्याआधीचे वाई हे देवळांपेक्षा लष्कराचे ठाणे म्हणून अधिक महत्त्वाचे होते. महाबळेश्वराच्या पठारावर उगम पावलेली कृष्णा डोंगरांच्या दोन रांगांमधून खाली येते आणि वाईजवळ खोरे रुंदावते. जावळीच्या रानातून पारघाटाने कोकणात उतरणारी वाट याच भागातून जात असे. म्हणूनच आदिलशाहीत हा सुभा अफजलखानाकडे होता, आणि १६५९ मध्ये शिवाजी महाराजांवर चालून येताना त्याने तळ दिला तोही वाईलाच. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेल्यावर लगोलग वाई स्वराज्यात आली. पुढे १६८७ मध्ये मोगली फौजेशी वाईजवळ झालेल्या लढाईत सरसेनापती हंबीरराव मोहिते कामी आले. विजय मराठ्यांचा झाला असला, तरी संभाजी महाराजांचा मोठा आधार त्या दिवशी गेला.

वाईचा कायापालट झाला तो लढाईने नव्हे, एका सोयरिकीने. येथील भिकाजी रास्ते यांची कन्या गोपिकाबाई १७३० मध्ये बाजीरावांचे ज्येष्ठ पुत्र बाळाजी, म्हणजे पुढचे नानासाहेब पेशवे, यांना दिली गेली. विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव हे तिघे तिचेच पुत्र. मूळचे गोखले असलेले हे घराणे सावकारीत मुरलेले होते; पेशव्यांचे व्याही झाल्यावर सरदारकीही आली. पुण्याची रास्ता पेठ आजही या घराण्याचे नाव चालवते, पण पैसा मनापासून खर्च झाला तो गावी. आनंदराव रास्ते यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचे आणि १७७८ मध्ये महालक्ष्मीचे देऊळ बांधले, तर गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये महागणपतीचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ढोल्या गणपतीचे, मंदिर उभारले. यातले १७६२ हे साल थांबून वाचण्यासारखे आहे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव पडले, त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले आणि त्यानंतरच्या वर्षी पेशव्यांच्या आजोळी हे देऊळ झाले. पानिपताने मराठी मुलूख मोडून पडला असे जे सरसकट म्हटले जाते, ते वाईच्या घाटावर तरी खरे वाटत नाही.

ढोल्या गणपतीचे दर्शन समोरून घेऊन लोक परततात. मंदिराचे खरे शहाणपण मात्र त्याच्या पाठीशी आहे. गाभाऱ्यात एकाच शिळेतून घडवलेली, माणसाहून मोठी बैठी मूर्ती आहे. बाहेरून वळसा घालून मागे गेले की गाभाऱ्याची भिंत सरळ नाही हे लक्षात येते: नदी ज्या बाजूने येते तिकडे ती माशाच्या आकाराने निमुळती होत गेली आहे. देऊळ पात्राला लागूनच असल्याने पुराचा लोंढा सपाट भिंतीवर आदळला असता, तर इमारत फार वर्षे टिकली नसती. या टोकाशी तो नावेच्या नाळेवर फुटावा तसा दोन बाजूंना फुटतो. आजही पावसाळ्यात वरच्या धोम धरणातून विसर्ग वाढला की देवळात पाणी शिरते, ते ओसरते, गाळ काढला जातो आणि पूजा पुन्हा सुरू होते. शेजारच्या काशीविश्वेश्वरासमोरचा काळ्या पाषाणाचा नंदी पाहायलाही वेळ काढावा. त्याच्या गळ्यातल्या माळा दगडातल्या आहेत, हे हात लावल्याशिवाय पटत नाही.

गावाची रचनाच नदीला धरून आहे. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी असे सात घाट आहेत आणि प्रत्येक घाटामागे त्याच नावाची वस्ती आहे. आळीचा म्हणून घाट, आणि घाटाचा म्हणून उत्सव: माघापासून पुढे एकेका आळीत कृष्णाबाईचा उत्सव होतो, घाटावर मांडव पडतो, नदीला देवी मानून तिची पूजा होते, ओटी भरली जाते, पंगती उठतात. अफजलखानाच्या संकटातून महाराज सुखरूप सुटावेत म्हणून कृष्णाबाईला नवस बोलला गेला आणि तो फेडताना हा उत्सव सुरू झाला, अशी येथील परंपरा आहे. उत्सव पाहायचा असेल तर हिवाळा सरता सरता यावे. तेव्हा पाणी संथ असते आणि पायऱ्या खालपर्यंत मोकळ्या असतात.

मुंबईच्या माणसासाठी खास आकर्षण मात्र वाईत नसून तीन-चार किलोमीटरवर, मेणवलीला आहे. येथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. चौकामागून चौक ओलांडत, भिंतींवरची फिकी पडलेली चित्रे पाहत माणूस मागच्या दाराने थेट कृष्णेच्या घाटावर उतरतो. घाटावर मेणेश्वराचे देऊळ आहे आणि जवळच्या एका छोट्या घुमटीत भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आणि १७०७ हे साल आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेण्यात आल्या, आणि त्यांपैकी ही एक मानली जाते. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटाही त्याच मोहिमेची आठवण सांगते.

आप्पांनी ही घंटा मेणवलीस आणून टांगली, असे सर्रास लिहिलेले आढळते. तारखा पाहिल्या तर ते जुळत नाही. नानांचा जन्म १७४२ चा, आप्पा त्याच्या आधीच, १७४० मध्ये, वारलेले. तेव्हा वसईहून निघालेली घंटा मधली काही दशके दुसरीकडे राहिली असणार आणि नानांचा अंमल बसल्यावर मेणवलीला पोहोचली असणार. वसईच्या किल्ल्यातल्या छप्पर उडालेल्या चर्चचे घंटाघर रविवारी लोकलने जाऊन पाहिलेल्या माणसाने ही घंटा जरूर पाहावी. एका जागी मनोरा उरला आहे आणि दुसऱ्या जागी त्याच्यासारख्याच एखाद्या मनोऱ्यातला आवाज.

देवळे बांधणाऱ्यांच्या मागोमाग दाने आली आणि दानांच्या मागोमाग शास्त्री-पंडित. ‘दक्षिण काशी’ हे वाईचे बिरुद नुसत्या घाटांमुळे नव्हे, तर या वेदविद्येमुळेही रुजले. पेशवाई बुडाल्यावर आश्रय आटला, तरी विद्या गावातून उठून गेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी येथे प्राज्ञपाठशाळेला आकार दिला. जुनी शास्त्रे कसून शिकवायची आणि त्याच वेळी नव्या काळाचे प्रश्न टाळायचे नाहीत, अशी तिची रीत होती. १९१७ मध्ये विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन येथे शिकायला राहिले. खानदेशातील पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी हेही याच पाठशाळेचे विद्यार्थी. ते तर्कतीर्थ झाले, अस्पृश्यतेविरुद्ध शास्त्राधाराने उभे राहिले आणि पुढे येथूनच धर्मकोशाचे प्रचंड काम त्यांनी चालवले.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने साहित्य संस्कृती मंडळ स्थापून तर्कतीर्थांना अध्यक्ष नेमले, आणि मराठी विश्वकोशाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. त्यासाठी मुंबईत किंवा पुण्यात बिऱ्हाड करण्याऐवजी काम वाईलाच आणले गेले. संदर्भ तपासणारी माणसे आणि ग्रंथांची सवय तेथे आधीपासून होती. १९७६ मध्ये पहिला खंड आला आणि पुढे वीस खंडांचा कोश पुरा झाला. आजही विश्वकोश मंडळाचे एक कार्यालय प्रभादेवीला, रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत आहे आणि संपादनाचे दुसरे वाईला, गंगापुरीत. त्या वास्तूतून बाहेर पडून नदीच्या दिशेने चालू लागले की थोड्याच वेळात घाटाची पहिली पायरी लागते.