कुष्ठरोगातील त्वचा-ऊतक परीक्षा

कुष्ठरोगाचे निदान पक्के करण्यासाठी, रोगाचा प्रकार ठरविण्यासाठी, उपचारांचा परिणाम मोजण्यासाठी आणि संशोधनासाठी रुग्णाच्या त्वचेतील द्रव किंवा त्वचेचा तुकडा काढून प्रयोगशाळेत केलेली तपासणी म्हणजे त्वचा-ऊतक परीक्षा. तिचे मुख्य प्रकार दोन आहेत. त्वचेला बारीक छेद देऊन खरवडून काढलेल्या द्रवाचा काचपट्टीवर लेप करणे आणि त्यात जंतू शोधणे हा पहिला प्रकार. त्याला दवाखान्यांत सर्रास स्किन स्मिअर म्हणतात. त्वचेचा तुकडा कापून त्याचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा दुसरा प्रकार; शास्त्रीय परिभाषेत ती जीवोतक परीक्षा, डॉक्टरांच्या बोलण्यात बायोप्सी आणि रुग्णांच्या तोंडी ‘तुकडा तपासणी’. याच ऊतकातून जंतूंचे डीएनए ओळखण्याची तिसरी पद्धत आता हाताशी आहे. मात्र ती मोठ्या प्रयोगशाळांपुरतीच राहिली आहे.

या रोगात ऊतकाला एवढे महत्त्व येण्याचे कारण रोगजंतूच्या स्वभावात आहे. नॉर्वेतील बर्गेन येथे गेर्हार्ड आर्मौअर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये मायकोबॅक्टेरियम लेप्री हा दंडाकृती जंतू रुग्णांच्या ऊतकात पाहिला, परंतु तो आजतागायत कोणालाही कृत्रिम माध्यमावर वाढविता आलेला नाही. क्षयरोगात थुंकीतील जंतूंचे संवर्धन करून जी खात्री करून घेता येते, ती येथे मिळत नाही. एका जंतूचे दोन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि शरीराच्या आतील भागापेक्षा थंड असलेल्या जागा, म्हणजे कानाच्या पाळ्या, कपाळ, नाकाची आतील त्वचा, कोपर, गुडघे आणि त्वचेलगतचे मज्जातंतू, त्याला अधिक मानवतात. सर्व प्रकारचे रुग्ण हमखास ओळखू शकेल अशी रक्तचाचणीही नाही. त्यामुळे जे काही पाहायचे ते त्वचेतच पाहावे लागते.

असे असले, तरी निदानाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. चट्ट्यावरील संवेदना गेलेली असणे आणि मज्जातंतू जाड झालेला असणे या दोन खुणांवर बहुतेक रुग्ण ओळखले जातात; लेपात जंतू सापडणे ही तिसरी खूण होय. गडचिरोली किंवा गोंदिया जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात आशा कार्यकर्तीने आणलेल्या रुग्णाच्या फिकट चट्ट्यावर कापसाची वात किंवा बॉलपेनचे टोक टेकवून वैद्यकीय अधिकारी जे ठरवितो, तेच बहुतेक वेळा अंतिम निदान असते आणि ते योग्यही असते. ऊतक परीक्षेचे स्थान त्यानंतरचे आहे. चट्टा बधिर आहे, पण लेपात जंतू नाहीत, एवढ्यावरून रोग नाही असे म्हणता येत नाही. एक ग्रॅम ऊतकात साधारण दहा हजार जंतू असल्याखेरीज ते लेपात दिसतच नाहीत आणि ज्या रुग्णांची प्रतिकारशक्ती चांगली असते त्यांच्या त्वचेत ते त्याहून कमीच असतात. प्रयोगशाळेचा ‘निगेटिव्ह’ हा शब्द या रोगाच्या बाबतीत फार जपून वाचावा लागतो.

विदर्भाशी या विषयाचा संबंध जुना आहे. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन ही केंद्रे १९४० च्या दशकात उभी राहिली. रुग्णाला वसाहतीत आणण्याऐवजी गावोगावी जाऊन पाहणी, शिक्षण आणि उपचार करावेत ही पद्धत गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने डॉ. वर्देकरांच्या नेतृत्वाखाली रुजविली. या संस्थेची स्थापना वर्ध्यात १९५१ मध्ये झाली होती. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अनेक औषधे एकत्र देण्याचा बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी राबविला गेला, त्यांत वर्धा जिल्हा होता. या काळात लेपाची काचपट्टी हा गावपातळीवरील कामाचा रोजचा भाग होता, कारण औषधांचा कोणता संच द्यायचा हे पुष्कळ अंशी तीवरून ठरत असे.

लेप घेण्याची रीत साधी दिसते, पण हात बसावा लागतो. प्रथम जागा निवडतात. बहुधा कानाची एक पाळी किंवा दोन्ही पाळ्या आणि एखाद-दुसरा चट्टा. त्वचा स्पिरिटने पुसून अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत घट्ट दाबून धरतात. दाब इतका हवा की ती जागा पांढुरकी पडावी, कारण रक्त आले तर लेप बिघडतो. पात्याने सुमारे पाच मिलिमीटर लांब आणि दोन ते तीन मिलिमीटर खोल छेद देऊन, पाते काटकोनात वळवून, छेदाची आतील बाजू एकाच दिशेने दोन-तीन वेळा खरवडतात. पात्याच्या टोकावर जो दाटसर, किंचित लालसर द्रव येतो तो काचपट्टीवर लहान वर्तुळात पसरतात, वाळवितात आणि ज्योतीवरून नेऊन स्थिर करतात. चिमटी सोडण्याची घाई हा नवशिक्या तंत्रज्ञाचा नेहमीचा दोष. त्याने पट्टीवर रक्तच अधिक येते आणि जंतू असूनही दिसत नाहीत. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पट्ट्या उन्हात व धुळीत राहू न देणे हीदेखील तंत्रज्ञाचीच जबाबदारी ठरते.

पुढे झील-नेल्सन पद्धतीने रंजन होते. कार्बोल फ्यूक्सिन या लाल रंगाने पट्टी रंगवून सौम्य अम्लाने धुतली, की बाकी सर्व घटकांचा रंग निघून जातो. मायकोबॅक्टेरियम कुलातील जंतूंच्या मेणचट आवरणात मात्र तो टिकून राहतो. त्यानंतर मिथिलीन ब्लूने पार्श्वभूमी निळी करतात. कुष्ठजंतूची अम्लाला तोंड देण्याची क्षमता क्षयजंतूपेक्षा कमी असल्याने येथे धुण्याचे अम्ल सौम्य ठेवावे लागते. क्षयरोगाच्या थुंकी-तपासणीसाठी भरलेली बाटली तशीच वापरली, तर कुष्ठजंतूंचाही रंग उतरण्याचा धोका असतो. एकाच टेबलावर दोन्ही रोगांच्या पट्ट्या रंगविणाऱ्या ग्रामीण प्रयोगशाळेला हे ध्यानात ठेवणे भाग आहे.

दिसलेल्या जंतूंची मोजणी जंतुनिर्देशांकाने सांगतात. डी. एस. रिडली यांनी रूढ केलेली ही श्रेणी शून्यापासून सहापर्यंत जाते आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दहापट असते. सूक्ष्मदर्शकाची शंभर दृष्टिक्षेत्रे पाहून एक ते दहा जंतू आढळले तर १+, दर क्षेत्रात सरासरी एक ते दहा असतील तर ३+, आणि हजाराहून अधिक असतील तर ६+. निरनिराळ्या जागांच्या लेपांची सरासरी म्हणजे त्या रुग्णाचा निर्देशांक. याखेरीज अखंड रंगलेल्या जंतूंचे शेकडा प्रमाण दर्शविणारा रूपनिर्देशांकही पूर्वी काढीत. अखंड जंतू जिवंत व तुटक रंगलेले मृत, असा त्यामागील तर्क होता; परंतु दोन तंत्रज्ञांचे आकडे क्वचितच जुळत, म्हणून नियमित कामातून तो मागे पडला.

जंतुनिर्देशांकाचा एक गुणधर्म रुग्णांनाच नव्हे, तर पुष्कळ डॉक्टरांनाही गोंधळात टाकतो. रिफॅम्पिसिन या औषधाच्या पहिल्याच मात्रेने जंतूंचा फार मोठा भाग मरतो आणि रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याची शक्यता थोड्याच दिवसांत उरत नाही. मात्र मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरातून नाहीसे व्हायला वर्षे लागतात. निर्देशांक दरसाल जेमतेम एका पायरीने, पुष्कळदा त्याहूनही कमी, उतरतो. साहजिकच ५+ वर उपचार सुरू झालेल्या माणसाने बारा महिन्यांची औषधे पूर्ण घेतली, तरी त्याच्या कागदावर जंतू ‘पॉझिटिव्ह’च राहतात. तेंदूपत्त्याच्या हंगामातली किंवा धानाच्या रोवणीतली मजुरी बुडवून तालुक्याला आलेल्या माणसाला हे नीट समजावून सांगितले नाही, तर औषध लागू पडले नाही असे तो मानतो, आणि घरच्यांनी तो कागद वाचला तर त्याचे ताट वेगळे पडते. उलट, उतरलेला निर्देशांक पुन्हा किमान दोन पायऱ्यांनी चढला तर रोग उलटल्याची शंका घेणे योग्य असते. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. आधीच्या आकड्याशी त्याची तुलना व्हावी लागते, आणि त्यासाठी जुनी नोंद जपून ठेवलेली असावी लागते.

जीवोतक परीक्षेत प्रश्न बदलतो. जंतू किती आहेत यापेक्षा शरीराने त्यांना कसे तोंड दिले आहे, हे तीत दिसते. जागा बधिर करून चट्ट्याच्या वाढत्या कडेवरून चार ते सहा मिलिमीटर व्यासाचा तुकडा त्वचेखालील चरबीपर्यंत काढतात, फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवितात आणि सुमारे पाच मायक्रॉन जाडीचे छेद घेतात. उथळ तुकडा बहुधा वाया जातो, कारण पाहायचे मज्जातंतू खालच्या थरात असतात. छेद रंगविताना नेहमीची झील-नेल्सन पद्धत पुरत नाही. मेण काढणाऱ्या द्रावकाने जंतूंचे मेद आवरणही विरघळते, म्हणून त्या द्रावकात तेल मिसळून आवरण जपणारी फाइट-फाराको पद्धत वापरतात.

रिडली व जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेले वर्गीकरण अशा छेदांवर आधारलेले आहे. त्याच्या एका टोकाला ट्यूबरक्युलॉइड प्रकार येतो. त्यात जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींचे रूपांतर होऊन त्यांचे घट्ट पुंजके बनतात, भोवती लसीका पेशींचे (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचे) कडे असते, पुंजका बाह्यत्वचेला भिडतो, मज्जातंतू ओळखू न येण्याइतका नष्ट झालेला असतो आणि जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाच्या लेप्रोमॅटस प्रकारात लसीका पेशी विरळ असतात. फेसाळ दिसणाऱ्या महाभक्षी पेशी जंतूंच्या जुड्यांनी भरलेल्या असतात, पण बाह्यत्वचेखाली एक मोकळी पट्टी मात्र शाबूत राहते. एकाच जंतूमुळे होणारी ही दोन चित्रे इतकी निराळी आहेत, की नवख्या विद्यार्थ्याला ते दोन रोग वाटावेत. मधल्या तीन सीमावर्ती अवस्थांत प्रतिकारशक्ती डळमळीत असते आणि मज्जातंतूंना इजा करणाऱ्या प्रतिक्रिया, म्हणजे अचानक उसळणारे दाह, तेथे वारंवार उद्भवतात. गावपातळीवर एवढी बारीक विभागणी लागत नाही; पाचपर्यंत चट्टे असतील तर अल्पजंतुक आणि त्याहून अधिक असतील तर बहुजंतुक, ही जागतिक आरोग्य संघटनेची ढोबळ विभागणी उपचारांसाठी वापरली जाते.

साम्य असणारे रोग वेगळे काढण्यास तुकड्याचा खरा उपयोग होतो. सार्कॉइडोसिस आणि त्वचेचा क्षय यांतही पेशींचे तसेच पुंजके आढळतात, पण ते मज्जातंतूंच्या वाटेने पसरत नाहीत. मज्जातंतूंचे अवशेष दाखविणारे एस-१०० हे प्रतिपिंड-रंजन अशा वेळी निर्णायक ठरते. कोडाच्या छेदात रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशीच नसतात आणि त्या डागावर संवेदना पूर्ण असते. ग्रामीण भागात कोड असलेल्या माणसालाही कुष्ठरोगी समजून टाळले जाते, त्यामुळे हा भेद लेखी मिळणे त्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते. अंगावर अचानक दुखऱ्या लाल गाठी उठल्यास छेदातील न्यूट्रोफिल पेशी व रक्तवाहिन्यांचा दाह यांवरून ती प्रतिक्रिया आहे की रोग उलटला आहे, हे ठरविण्यास मदत होते. दोहोंचे उपचार निराळे आहेत. तुकडा चेहऱ्यावरून शक्यतो काढीत नाहीत, कारण व्रण कायमचा राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९० च्या दशकात लेप-तपासणी उपचार सुरू करण्यासाठी अनिवार्य नसल्याचे सांगितले. लेपांचा दर्जा अनेक ठिकाणी इतका ढासळला होता, की चुकीच्या अहवालापेक्षा अहवाल नसलेला बरा, हा विचार व्यवहार्य होता. पुढे कुष्ठरोगाचे वेगळे कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले आणि २००५ च्या अखेरीस देशातील प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आल्याचे जाहीर झाले. औषधे त्यामुळे प्रत्येक आरोग्य केंद्रात पोहोचली, पण लेप घेणारे कसबी हात निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी तसे हात तयार झाले नाहीत. पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया हे जिल्हे आजही राज्यात रोगाचे प्रमाण अधिक असलेल्यांत मोडतात. तेथे एकही चट्टा नसलेला, केवळ कानाच्या पाळ्या जाड झालेला आणि लेपात भरपूर जंतू असलेला रुग्ण चट्टे मोजण्याच्या पद्धतीतून सहज निसटतो, आणि संसर्ग पसरविण्याच्या दृष्टीने नेमका तोच महत्त्वाचा असतो. लेप-तपासणी सोडून देण्याची ही किंमत त्या वेळी पुरेशी गृहीत धरली गेली नाही, असे म्हणावे लागते.

संशोधनातही रुग्णाच्या त्वचेतून काढलेले ऊतक हाच मूळ कच्चा माल राहिला. चार्ल्स शेपर्ड यांनी १९६० मध्ये रुग्णांचे ऊतक वाटून उंदराच्या तळपायात टोचले आणि जंतूंची मर्यादित वाढ दाखविली. तळपाय थंड असतो, हेच त्यामागील मर्म. या पद्धतीने १९६४ मध्ये डॅप्सोन या औषधाला दाद न देणारे जंतू सिद्ध झाले, परंतु एका उत्तराला अनेक महिने लागत. १९७१ मध्ये नऊ पट्ट्यांच्या आर्मडिलो या कमी तापमानाच्या प्राण्यात जंतू मोठ्या संख्येने वाढविता आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला कुष्ठजंतूचा संपूर्ण जनुकसंच तमिळनाडूतील एका रुग्णापासून मिळालेल्या वाणाचा आहे. सुमारे ३३ लक्ष आधारजोड्यांच्या या संचात निकामी झालेल्या जनुकांची संख्या हजाराहून अधिक निघाली. जंतू माध्यमावर का वाढत नाही याचे बरेचसे स्पष्टीकरण त्यातच आहे.

डीएनएचा निवडक भाग अनेकपट वाढवून ओळखण्याच्या पीसीआर पद्धतीत आरएलईपी हा जंतूच्या जनुकसंचात तीसहून अधिक वेळा येणारा तुकडा शोधतात, म्हणून लेपात न दिसणारे थोडे जंतूही ओळखता येतात. मात्र डीएनए जिवंत जंतूचे की मेलेल्याचे, हे त्यातून कळत नाही. आरपीओबी, फोलपी-१ आणि जायर-ए या जनुकांतील बदलांवरून अनुक्रमे रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि ऑफ्लोक्सॅसिन या औषधांना झालेला विरोध वाचता येतो. उंदरावरील प्रयोगासाठी तुकडा बर्फात ठेवून तातडीने पोहोचवावा लागे. या जनुकीय तपासणीसाठी तो सत्तर टक्के अल्कोहोलच्या लहान कुपीत साध्या तापमानालाही टिकतो, त्यामुळे एटापल्ली किंवा भामरागडसारख्या दूरच्या तालुक्यातून एसटीच्या प्रवासानेही नमुना दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत सुस्थितीत जाऊ शकतो.