क्लास टायर
क्लास टायर (टायर म्हणजे पायरी) म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून डाइस टाकत खेळायच्या रोलप्लेइंग गेममधे कुठल्या कॅरेक्टर क्लासमधे, म्हणजे लढवय्या, जादूवाला, चोर अशा पात्राच्या प्रकारात, किती दम आहे आणि तो किती प्रकारची कामं करू शकतो याची खेळाडूंनीच लावलेली उतरंड. रूलबुकात ही कुठंच छापलेली नाही, पुस्तकाच्या हिशोबानं सगळे क्लास बरोबरीचे. पण संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं कॉलेजच्या पोरांचा एखादा ग्रुप महिना-दोन महिने नीट खेळला की फायटर, म्हणजे लढवय्या, घेतलेला गडी कधीतरी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, म्हणतोच, "मी नुसती तलवारच मारत बसू का राव?" आणि तिथून ह्या विषयाला तोंड फुटतं.

भांडण तसं जुनं आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ साली आला तेव्हा क्लास तीनच होते, फायटिंग मॅन, मॅजिक यूजर म्हणजे जादूवाला आणि क्लेरिक म्हणजे देवाचा पुजारी, चोराचा क्लास पुढच्या वर्षी पुरवणीत आला. तेव्हा बरोबरी साधायची तऱ्हा वेगळी होती. दुसऱ्या लेव्हलला, म्हणजे कॅरेक्टरच्या पुढच्या टप्प्याला, जायला क्लेरिकला १५००, फायटरला २०००, तर जादूवाल्याला २५०० अनुभवाचे पॉइंट लागायचे, म्हणजे जादू मोठी पण वाट लांब, आणि त्या वाटेवर बरेच जादूवाले मरूनच जायचे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं पॉइंटचा तक्ता सगळ्यांना एकच केला, मार खाता खाता स्पेल, म्हणजे मंत्र, टाकणंही सोपं झालं, आणि जादूवाल्यांच्या गळ्यातलं लोढणं गेलं. त्यामुळं टायरची खरी चर्चा तिसऱ्या आवृत्तीवर आणि तिच्या २००३ सालच्या सुधारित ३.५ वर होते.

यादी कशी आहे

३.५ साठी खेळाडूंमधे सगळ्यात जास्त फिरलेली यादी सहा पायऱ्यांची आहे. वर विझार्ड (म्हणजे जादूवाला), क्लेरिक, ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा, जनावराचं रूप घेणारा). दुसऱ्या पायरीवर सॉर्सरर, ज्याच्याकडं ताकद विझार्डइतकीच पण स्पेल मोजकी आणि एकदा निवडली की जवळपास तीच धरून बसायची. तिसऱ्यावर बार्ड (गाण्यातून जादू करणारा) आणि २००६ च्या एका पुरवणी पुस्तकातला वॉरब्लेड वगैरे मंडळी, चौथ्यावर रोग (म्हणजे चोर) आणि बार्बेरियन (रानटी लढवय्या), पाचव्यावर फायटर, मंक (नुसत्या हातानं लढणारा साधू), पॅलाडिन (देवाचा लढवय्या), आणि तळाला कॉमनर, म्हणजे गावातला साधा माणूस.

इथं एक गोष्ट लोक हमखास चुकतात. टायर म्हणजे कोण किती डॅमेज मारतो ते नाही. नीट बांधलेला बार्बेरियन एका राउंडमधे, म्हणजे खेळातल्या सहा सेकंदांत, भल्याभल्याला आडवा करतो, तरी तो चौथ्यावर, कारण मारण्यानं सुटत नाही असा प्रश्न समोर आला की त्याच्याकडं उत्तर नसतंय. मोजायचं असतं ते हे, की डीएमनं काहीही समोर टाकलं तर ह्या गड्याकडं करण्यासारखं काय आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या, देवगिरी. पाचव्या लेव्हलची पार्टी ३.५ च्या नियमानं दौलताबादचा किल्ला घ्यायला निघाली. खाली खंदक, वर तासून गुळगुळीत केलेला कडा, आत जायला ती अंधारी, जिथं दिवसाही हाताला हात दिसत नाही. विझार्ड फ्लाय, म्हणजे उडायचं स्पेल, टाकतो. वर चढताना राउंडला तीस फूट, किल्ल्याचा डोंगर साधारण २०० मीटर, म्हणजे दोन-सव्वादोन मिनिटांत गडी माथ्यावर, आणि पाचव्या लेव्हलला स्पेल टिकतंय पाच मिनिटं. ड्रुइडला स्पेलही लागत नाही, तो गरुड होऊन जातो आणि तासन् तास तसाच राहू शकतो, शिवाय त्याचा पाळीव लांडगा खाली फायटरच्या बरोबरीनं लढायला मोकळा. रोगला अंधारीतून जावं लागतंय पण सापळे हुडकायला आणि निकामी करायला तोच लागतो, म्हणून त्याला मान आहे. फायटर कडा चढू शकतो खरं, क्लाइंब त्याचं स्किल आहे, पण फुल प्लेट, म्हणजे अंगभर लोखंडी चिलखत, घातली की चढण्यातून सरळ सहा वजा, आणि मुळात स्किल वाढवायचे पॉइंटच लेव्हलला दोन, रोगला आठ. म्हणजे दोर टाकायला वरून कुणीतरी लागणार, आणि तो कुणीतरी म्हणजे पुन्हा विझार्डच. बरं, विझार्डकडं त्या लेव्हलला असलं स्पेल दिवसातून एक-दोनदाच, तो काय सगळ्यांना उचलून नेत नाही, हेही लक्षात ठेवावं.

आता वेढ्याचं बघा. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीनं देवगिरीला वेढा घातला तेव्हा गडावर धान्य समजून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं असं सांगतात. पार्टी त्या गडावर अडकली असती तर पाचव्या लेव्हलच्या क्लेरिकनं अन्नपाण्याच्या एका स्पेलमधे पंधरा माणसं दिवसभर जगवली असती. फौज नाही जगत, पण पार्टी जगते. पाण्याचं तर त्याहून भारी, पाणी तयार करायचं स्पेल सगळ्यात खालच्या, शून्य लेव्हलचं आहे. पाचव्या लेव्हलला एका वेळी साधारण ३८ लिटर, दिवसाला पाचदा, झाले १९० लिटर. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तिच्या पहिल्याच फेरीत पाच लाखांच्या आसपास लिटर होतं, त्याच्यापुढं हे काहीच नाही, एक बॅरलसुद्धा पुरं भरत नाही. पण फायटर विसाव्या लेव्हलला अकरा बोनस फीट, म्हणजे जादा कसब, घेऊन बसला तरी ग्लासभर पाणी काढू शकत नाही, आणि क्लेरिक उद्या सकाळी प्रार्थना करून पाण्याच्या जागी दुसरंच काहीतरी मागून घेऊ शकतो. टायरमधला सगळा फरक ह्या उद्या सकाळी बदलता येण्यात आहे.

मंकची गोष्ट वेगळीच. वाचायला लै भारी, पळतो वाऱ्यासारखा, गुद्द्यांचा पाऊस पाडतो. पण तो पाऊस पाडायला जागेवर उभं राहावं लागतंय आणि पळाला तर एकच गुद्दा. दोन्ही गुण चांगले, एकमेकांच्या कामाला येत नाहीत.

पुढच्या आवृत्त्या

२००८ च्या चौथ्या आवृत्तीनं सगळ्या क्लासना पॉवरचा एकच साचा दिला. बरोबरी आली, पण सगळे सारखेच वाटायला लागले म्हणून लोक ओरडले. पाचव्या आवृत्तीनं, २०१४ साली, मधला रस्ता धरला आणि माझ्या मते बऱ्यापैकी जमवला. फ्लायसारखी स्पेल टिकवायला कॉन्सन्ट्रेशन लागतं, असलं एका वेळी एकच चालवता येतं. कुलूप उघडायचं नॉक स्पेल आता ३०० फुटांपर्यंत ऐकू जाईल असा आवाज करतं, त्यामुळं गुपचूप कुलूप काढायला रोग परत कामाला लागला.

पण त्या आवृत्तीचा हिशोब दिवसाला सहा ते आठ चकमकी होतील असा धरलेला. रविवारी दुपारी रूमवर चहा पीत चार तास खेळणाऱ्यांच्या एक-दोन चकमकी होतात, मग लाँग रेस्ट, म्हणजे रात्रीची झोप, जिच्यात स्पेल परत मिळतात. असं झालं की विझार्डवाला सगळी स्पेल एकाच मारामारीत ओतून मोकळा, आणि फायटरचं जे बळ, म्हणजे दिवसभर न थकता मारत राहणं, त्याला काही किंमतच राहत नाही. दोष क्लासचा कमी आणि वेळापत्रकाचा जास्त.

लेव्हलचंही तसंच. पहिल्या दोन-तीन लेव्हलला ३.५ चा विझार्ड मोजक्याच हिट पॉइंटवर, म्हणजे मार सोसायच्या ताकदीवर, जगतो आणि फायटरच्या मागं लपतो. सेमिस्टरच्या परीक्षा लागल्या की मोडणारा ग्रुप पाचव्याच्या पुढं जातच नाही, त्याला ही यादी घेऊन काय करायचं. लांब चालणाऱ्या खेळात मात्र डीएमनं सगळ्यांचे क्लास एक-दोन पायऱ्यांच्या आत राहतील असं बघावं, जादूची हत्यारं खालच्या पायरीवाल्याला जास्त द्यावीत. ड्रुइड आणि मंक एकाच टेबलवर आले तर ड्रुइडवाल्याला आधीच बाजूला घेऊन सांगावं, की सहाव्या लेव्हलला नॅचरल स्पेल ही फीट घेऊ नको बाबा, कारण जनावराच्या रूपात स्पेल पण टाकायला लागला की मंकवाला पुढच्या रविवारी येत नसतोय.