किलपेक चर्च

सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड हे इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्यातील किलपेक या लहानशा खेड्याचे पॅरिश चर्च असून, सुमारे 1140 मध्ये बांधलेली ही वास्तू रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील एका शैलीच्या, शिल्पकलेसाठी विख्यात आहे. वेल्सच्या सीमेलगतचा हा मुलूख नॉर्मन सरदारांच्या ताब्यात येण्यापूर्वी वेल्श संस्कृतीचा होता. संत डेव्हिड यांचे नाव या चर्चला असण्यामागे तीच परंपरा असावी. येथील जहागीरदार ह्यू याने किलपेकचे चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दान दिले. शेजारी त्याच्या घराण्याच्या किल्ल्याची टेकडी आणि पडक्या भिंती अजून दिसतात.

मुख्य दालन, त्यामागे वेदीकडचे दालन आणि टोकाला अर्धवर्तुळाकार गाभा अशी इमारतीची साधी, एका ओळीतली रचना आहे. तिचे खरे वैभव कोरीव कामात आहे. दक्षिण दरवाज्यावरील अर्धवर्तुळाकार शिलापटावर जीवनवृक्ष असून, बाजूच्या खांबांवर एकमेकांत गुंतलेले सर्प, वेलींत अडकलेले योद्धे आणि तोंडातून पानवेल बाहेर टाकणारा मुखवटा कोरलेला आहे. छपराखाली भिंतीभोवती दगडी तोड्यांची, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या आधार-दगडांची, रांग फिरते आणि त्यांपैकी 85 तोडे शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा यांची शेजारी-शेजारी बसलेली जोडी त्यांत सर्वांत लोभस आहे, तर आपली योनी दोन्ही हातांनी उघडून दाखवणारी ‘शीला-ना-गिग’ सर्वांत चर्चित. मराठी वाचकाला तिच्यावरून लज्जागौरी आठवणे स्वाभाविक आहे, परंतु त्या साम्यावरून दोन्ही परंपरांचा संबंध जोडता येत नाही. ही प्रतिमा वासनेविरुद्धचा इशारा, अनिष्टापासून रक्षण करणारे चिन्ह की जुन्या सुफलन-श्रद्धेचा अवशेष, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. बायबलमधील प्रसंगांशी थेट नाते न सांगणाऱ्या येथील बहुतेक तोड्यांना कोणताही एकच अर्थ चिकटवणे धाडसाचे ठरेल.

हे काम करणाऱ्या कारागिरांच्या परंपरेला कलेतिहासकार ‘हेरफर्डशायर शिल्पशैली’ म्हणतात आणि याच परगण्यातील शॉबडन येथील चर्चच्या अवशेषांतही तीच शैली दिसते. स्थानिक तांबूस वालुकाश्म टिकाऊ निघाल्याने नऊशे वर्षांच्या पावसापाण्यातही बारकावे पुसले गेलेले नाहीत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर हे चर्च अँग्लिकन पंथाकडे आले. 1848 च्या सुमारास वास्तुविशारद लुईस कॉटिंगहॅम यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. आज ते पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू असून हेरफर्ड धर्मप्रांतात मोडते.