पायात कडी असलेला पक्षी हेर नसतो

पायात रिंग असलेला पक्षी सापडला की ‘शत्रूने चिप बसवून पाठवलाय’ असे फॉरवर्ड फिरू लागतात. मे 2023 मध्ये मुंबईत पकडलेले एक कबुतर अशाच संशयापायी आठ महिने परळच्या पशुरुग्णालयात अडकून पडले. तो तैवानमधला शर्यतीचा पक्षी होता, हे पुढे उघड झाले. मुक्या जिवाला ही शिक्षा कशासाठी?

अभ्यासासाठी घातलेली कडी म्हणजे हलक्या धातूची पट्टी. तिच्यात बॅटरी नसते, चिप नसते. असतो फक्त एक क्रमांक आणि संस्थेचा पत्ता. पक्षी बारीक जाळ्यात धरतात, कापडी पिशवीत घालून वजन करतात, पंख मोजतात, पायाच्या जाडीप्रमाणे कडी निवडतात. ती पायावर सैल फिरली पाहिजे, पण पंजावरून निसटता कामा नये. मग लगेच सोडून देतात. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) हे काम 1927 पासून करते आहे.

सॅटेलाइट टॅग वेगळा. तो बहुधा पाठीवर असतो आणि पक्ष्याचीच जागा कळवतो. कडी मात्र स्वतःहून काहीच सांगत नाही. तो पक्षी पुन्हा कुणाला दिसला आणि त्याने कळवले, तरच प्रवासाचा धागा जुळतो. म्हणून अफवांनी फार नुकसान होते. ठाणे खाडीवर रंगीत कडीवाला रोहित (फ्लेमिंगो) दिसला तर कडीचा रंग, तिच्यावरची अक्षरे, तारीख आणि ठिकाण टिपून फोटोसह बीएनएचएसला कळवा. जिवंत पक्ष्याची कडी कधीही काढू नका.